सरकारी वकिलाची जुनी फाइल शोधायची, तर मुंबईचं तिकीट आधी काढू नका

आलेला प्रश्न थोडक्यात असा. नागभीड तहसिलीतल्या एका गावात विचारणाऱ्याच्या आजोबांनी १९६१ साली सरकारवर दिवाणी दावा लावला होता. जमीन मालगुजाराच्या (गावाचा सारा वसूल करणारा जुना गावमालक) काळापासून कसत असलेली, काही बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) आणि लागून एक बोडी (छोटं तळं). दावा आजोबांच्या बाजूने लागला, सरकार अपिलात गेलं, आणि “मग अ‍ॅडव्होकेट जनरलचा सल्ला आला अन् सरकारने माघार घेतली” असं घरात सांगतात. हातात कागद एकही नाही. आता तहसील कार्यालयाची नोटीस आली आहे की जागा झुडपी जंगल (खुरट्या झुडपांची, महसुली नोंदीत तशी लिहिलेली जमीन) आहे. तर महाधिवक्ता (म्हणजेच अ‍ॅडव्होकेट जनरल) कार्यालयाचं जुनं दप्तर कुठे असतं आणि त्या सल्ल्याची नक्कल कशी मिळेल?

भाऊ, त्या सल्ल्याच्या मागे लागू नका. तो मिळणं कठीण आहे, आणि मिळाला तरी कोर्टात त्याचं वजन फारसं नाही. वकिलाने पक्षकाराला दिलेलं मत म्हणजे पुरावा नव्हे, मग तो पक्षकार सरकार का असेना. तुम्हाला हवा आहे दाव्याचा क्रमांक. तो हाती आला की बाकीचे कागद आपोआप एकेक करून सापडायला लागतात, आणि त्यातले बहुतेक चंद्रपूर-नागपूरच्या पलीकडे नाहीत. मी काही वर्षं सहायक सरकारी वकील म्हणून काम केलं, त्याआधी आणि त्यानंतर सरकारच्या विरुद्ध बाजूनेही उभा राहिलो. दोन्ही बाजूंनी ही दप्तरं पाहिली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी कोण कुठे बसतं ते समजून घ्या. घटनेच्या अनुच्छेद १६५ प्रमाणे महाधिवक्ता हा राज्याचा सर्वात वरचा विधी अधिकारी. राज्यपाल नेमतात, राज्यपालांची मर्जी असेपर्यंत तो पदावर. १९५७ ते १९७४ हे पद एच. एम. सीरवाई यांच्याकडे होतं. घटनेच्या अर्थावरचे मोठमोठे वाद लढणारा तो माणूस. ब्रह्मपुरीकडच्या चार-सहा एकरांचं अपील त्यांच्या टेबलावर गेलं असेल, असं मला वाटत नाही. (विदर्भात पुष्कळ घरांत “आमचं प्रकरण थेट अ‍ॅडव्होकेट जनरलपर्यंत गेलं” असं सांगतात. बहुतेक वेळा तो माणूस नागपूर खंडपीठातला सरकारी वकील निघतो.) महाधिवक्त्यांची लेखी संमती काही ठराविक बाबतींत कायद्यानेच लागते, जसं खाजगी माणसाला फौजदारी अवमानाची याचिका करायची असेल तर. त्या काळी सार्वजनिक न्यासाच्या कारभाराबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली आणि सार्वजनिक उपद्रवाबद्दल कलम ९१ खाली दावा लावायलाही ती लागायची; १९७६ च्या दुरुस्तीनंतर तिथे कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. तुमच्या प्रकरणात यातलं काही नाही.

तुमच्यासारख्या दाव्यात कागदाचा प्रवास असा होतो. सरकारवर दावा लावण्याआधी कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस जिल्हाधिकाऱ्यांना जाते. जिल्हाधिकारी ती खाली तहसीलदाराकडे पाठवतात, तहसीलदार पटवाऱ्याकडून अहवाल मागवतो. दावा दाखल झाला की त्याची प्रत जिल्हा सरकारी वकिलाकडे जाते आणि तो तहसील कार्यालयाला विचारतो, दाव्यातल्या एकेका परिच्छेदावर तुमचं म्हणणं काय? त्याचं जे उत्तर येतं त्याला आमच्याकडे पॅरावाइज रिमार्क्स म्हणतात, सरकारी मराठीत परिच्छेदनिहाय अभिप्राय. त्यावरून सरकारी वकील लेखी जबाब तयार करतो. निकाल विरुद्ध गेला की तोच वकील, अपील करण्याजोगं आहे की नाही, याचं मत लिहून पाठवतो. ते महसूल खात्यामार्फत विधी व न्याय विभागाकडे जातं, मंजुरी आली तर अपील दाखल होतं, नाही तर फाइल बंद.

यातले पॅरावाइज रिमार्क्स म्हणजे सोनं. लेखी जबाबात वकील जपून लिहितो, “वादीने सिद्ध करावे” असं म्हणून मोकळा होतो. रिमार्क्समध्ये मात्र तहसीलदाराने खरं काय ते लिहिलेलं असतं, कारण ते कोर्टापुढे जाणार नाही अशी त्याची समजूत असते. “जागेवर वादीचा ताबा आढळतो, धुऱ्यावर त्याने लावलेली झाडे आहेत, पटवारी नोंदीप्रमाणे अमुक सालापासून लागवड” अशी वाक्यं मी त्यात वाचली आहेत, आणि त्याच प्रकरणाच्या लेखी जबाबात ताबा साफ नाकारलेला. शिवाय रिमार्क्सला पटवाऱ्याचा अहवाल, मोका पंचनामा, नकाशा, निस्तार पत्रकाचा (गावकऱ्यांच्या चराई-सरपणासारख्या हक्कांची नोंद) उतारा असं जोडलेलं असतं. आणि गंमत अशी की या कागदाची एक प्रत सरकारी वकिलाकडे गेलेली असली, तरी दुसरी कार्यालयीन प्रत म्हणून तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फाइलीत राहते.

म्हणून सरकारी वकिलाच्या खोलीत शोधण्यापेक्षा त्याला कागद पाठवणाऱ्याकडे शोधा. सरकारी वकील मुदतीवर नेमलेला असतो. सरकार बदललं की वकील बदलतो, जुना वकील चालू प्रकरणांची यादी करून देतो, निकाली फाइली कपाटात किंवा कपाटावर जातात, मग पावसाळा आणि वाळवी. जिल्ह्याच्या ठिकाणी या कार्यालयाला कोर्टाच्या आवारात एक-दोन खोल्या मिळतात, अभिलेखपाल नावाचा माणूस क्वचितच असतो. नियम म्हणाल तर आहेत. सरकारी अभिलेखाचं वर्गीकरण अ, ब, क, क-१, ड असं होतं. अ कायमचा ठेवायचा, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच आणि ड एक वर्ष. १९६१ च्या दाव्याची वकिलाकडची फाइल क मध्ये गेली असेल तर ती कधीच नष्ट झालेली असणार. नोंदवह्या मात्र फाइलींपेक्षा जास्त जगतात, हे ध्यानात ठेवा. फाइल गेली तरी दाव्यांचं रजिस्टर, आवक-जावक, नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी, यातलं काहीतरी सापडतं.

आता शोध गावातून सुरू करा. दावा जिंकला असेल तर हुकूमनाम्याप्रमाणे (कोर्टाची डिक्री) कधीतरी फेरफार झाला असेल. जुनी फेरफार पंजी काढा, १९६२ पासून पुढची आठ-दहा वर्षं नीट वाचा. नोंदीत कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर आणि तारीख लिहिलेली असते. पुष्कळ जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून “आपले अभिलेख” या संकेतस्थळावर टाकले आहेत, तिथे आधी बघा, नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. सोबत १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (कुठल्या जमिनीवर कोणाचा काय हक्क याची नोंद), गावाचं निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-हक्कांची नोंद) आणि बंदोबस्ताची मिसल (जमीन मोजून सारा ठरवला तेव्हाची फाइल) यांच्याही नकला मागा. त्या लागणारच आहेत.

नंबर मिळाला की दिवाणी कोर्टाचा नक्कल विभाग. १९६१ मध्ये नागभीड ही वेगळी तहसील नव्हती, तुमचं गाव ब्रह्मपुरी तहसिलीत आणि चांदा जिल्ह्यात होतं. जुन्या रजिस्टरात चंद्रपूर शोधाल तर काही मिळणार नाही, चांदा शोधा. सरकारवरचे दावे वरिष्ठ स्तराच्या न्यायाधीशापुढे चालतात, त्यामुळे ब्रह्मपुरीत नोंद नसेल तर जिल्हा न्यायालयात बघा. नंबर नसेल तर शोध अर्ज द्या, त्यात साल, वादीचं पूर्ण नाव आणि गाव लिहा. रेकॉर्ड कीपरला तीन सालांचं रजिस्टर चाळायला सांगितलं तर तो चाळतो, पंधरा सालांचं सांगितलं तर “आढळून आले नाही” असा शेरा मारतो. दाव्याचे अर्ज, साक्षी, किरकोळ कागद ठराविक वर्षांनंतर कोर्ट नष्ट करतं. निकालपत्र आणि हुकूमनामा मात्र जपून ठेवण्याच्या भागात असतात, आणि तुम्हाला मुख्य तेच हवं आहे. अपील जिल्हा न्यायालयात झालं असेल तर तिथला आदेशही काढा. “माघार घेतली” म्हणजे बहुधा अपील काढून घेतलं म्हणून निकाली, अशी दोन ओळींची ऑर्डर असेल. तुमच्या घरात सांगतात ती गोष्ट कायद्याने उभी राहते ती त्या दोन ओळींवर, सल्ल्यावर नव्हे. पुढे दुसरं अपील झालं असेल तर नागपूर खंडपीठ.

प्रतिवादीचं नाव काय लिहिलं असेल, याचा विचार करून शोधा. विदर्भातल्या जुन्या प्रकरणांत लोक इथेच अडकतात. इंग्रजी राजवटीत सरकारवरचा दावा “सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया इन कौन्सिल” या नावाने चालायचा. १ एप्रिल १९३७ पासून प्रांतिक सरकार आलं, महाधिवक्ता हे पदही प्रांताला तेव्हाच मिळालं, आणि दावे “प्रॉव्हिन्स ऑफ सी.पी. अँड बेरार” वर व्हायला लागले. १९५० ते १९५६ प्रतिवादी मध्य प्रदेश राज्य, कारण आपले आठ जिल्हे तेव्हा मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० मुंबई राज्य. त्यानंतर महाराष्ट्र. तुमचा दावा १९६१ चा असं घरात सांगत असले तरी नोटीस १९५९ मध्ये दिली असेल आणि दावा १९६० च्या सुरुवातीला लागला असेल, तर तो “मुंबई राज्य” या नावाखाली नोंदलेला असेल. दोन्ही नावं शोध अर्जात घाला.

याच इतिहासामुळे विदर्भातलं सरकारच्या वकिलांचं दप्तर एका जागी कधीच नव्हतं. १९५६ च्या आधी नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय होतं, १९३६ मध्ये सुरू झालेलं, त्याआधी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट. राज्याचे महाधिवक्ते नागपुरातच. मालगुजारी आणि जमीनदारी उठवणारा १९५० चा कायदा झाला तेव्हा त्याला आव्हान देणाऱ्यांत अहेरीचे जमीनदार होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९५२ मध्ये निकाल लागला, आणि मध्य प्रदेशच्या बाजूने तिथे महाधिवक्ते टी. एल. शेवडे उभे होते. म्हणजे तुमच्या बोडीची मालकी ज्या कायद्याने ठरली, त्याची सरकारी बाजू नागपूरच्या कार्यालयात तयार झाली. मग १९५६ ला राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेलं, आणि दप्तराची वाटणी झाली. त्या वाटणीत कुठली पेटी कुठे गेली, हे प्रत्येक विषयाला वेगळं आहे. नागपुरात राहिलेल्या जुन्या सचिवालयाच्या दप्तरासाठी पुराभिलेख संचालनालयाची नागपूरची शाखा आहे. तिथे ओळखपत्र आणि अर्ज देऊन सूची बघता येते. १९५६ च्या आधीचं काही असेल तरच तिथे जा, तुमच्या १९६१ च्या दाव्यासाठी ती दुसरी फेरी समजा.

वऱ्हाडातल्या लोकांचं गणित वेगळं. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळकडे मालगुजारी नव्हती, रयतवारी होती, आणि त्यांचा महसुली कायदा १९२८ चा वेगळा. त्यांना निस्तार पत्रक शोधून उपयोग नाही. राजुऱ्याकडचा कोणी वाचत असेल तर त्याने हे लक्षात घ्यावं की तो भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडात आणि १९५९ पासून चांद्यात. तिथले जुने कागद उर्दूत असतात, त्यामुळे वाचणारा माणूस सोबत न्या. गडचिरोली जिल्हा १९८२ चा, वाशिम १९९८ चा, गोंदिया १९९९ चा. या तिघांचे जुने कागद मूळच्या जिल्ह्यात, म्हणजे चंद्रपूर, अकोला, भंडाऱ्यातही शोधावे लागतात.

आता माहितीचा अधिकार. अर्ज महाधिवक्ता कार्यालयाकडे करू नका. देशाच्या महान्यायवादींचं (अ‍ॅटर्नी जनरल) कार्यालय या कायद्याखाली येतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी २०१५ साली म्हटलं, खंडपीठाने २०१७ साली ते फिरवलं. राज्याच्या महाधिवक्त्यांबाबत तोच वाद अंगावर घेऊन तुम्हाला काय मिळणार? जिल्हाधिकारी, तहसीलदार, विधी व न्याय विभाग, यांच्याबद्दल असा वादच नाही. त्यांच्याकडे करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. “सर्व कागदपत्रे द्यावीत” असं लिहाल तर उत्तर काय येईल ते तुम्हालाही ठाऊक आहे. मी असा लिहीन:

“मौजा अमुक, जुनी तहसील ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा येथील खसरा क्रमांक अमुक या जमिनीबाबत आपल्या कार्यालयाविरुद्ध १९५९ ते १९६३ या काळात दाखल दिवाणी दावा क्रमांक अमुक संदर्भात, (१) सरकारी वकिलास पाठविलेल्या परिच्छेदनिहाय अभिप्रायाची कार्यालयीन प्रत, (२) न्यायालयीन प्रकरणांच्या नोंदवहीतील संबंधित पान, (३) ही कागदपत्रे नष्ट केली असल्यास नाशनाच्या आदेशाची व यादीची प्रत मिळावी. अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी.”

तिसरा मुद्दा गाळू नका. नष्ट केलं असेल तर कोणी, कधी, कुठल्या आदेशाने, हे कागदावर असावंच लागतं. राज्याचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे, त्याच्या नावाने एक ओळ घातली तर अभिलेख कक्षातला माणूस जरा जास्त वेळ शोधतो. “गहाळ आहे” हे माहिती नाकारण्याचं कारण कलम ८ मध्ये कुठेही नाही. कागद दुसऱ्या कार्यालयात असेल तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं त्यांचं काम आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

एक उत्तर हमखास येईल, की वकील आणि पक्षकार यांच्यातला पत्रव्यवहार गोपनीय आहे, विश्वासाच्या नात्यातला आहे, कलम ८(१)(ई). त्याला प्रत्युत्तर कलम ८(३) मध्ये आहे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती असेल तर कलम ८ मधले फक्त तीन अपवाद उरतात: देशाची सुरक्षा वगैरे, विधिमंडळाचा विशेषाधिकार, आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं. विश्वासाचं नातं त्या तिघांत नाही. तुमचा दावा साठ वर्षांपूर्वीचा. कोर्टात त्या मताचा पुरावा म्हणून वापर ही वेगळी गोष्ट, तिथे वकिलाची गोपनीयता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ खाली अजून आहे. पण रिमार्क्सला जोडलेला पटवारी अहवाल आणि पंचनामा हे मत नव्हे, ते महसुली अभिलेख आहेत. त्यांच्या प्रमाणित नकला त्याच साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७५ खाली मागता येतात, आणि मूळ कागद तीस वर्षांहून जुना व योग्य ताब्यातून आलेला असेल तर त्यातल्याच कलम ९२ चं, कागद खरा मानायचं, गृहीतकही मदतीला येतं.

आजोबांचा वकील कोण होता, हे विचारलंत का? सरकारी फाइलपेक्षा त्याची फाइल मिळण्याचा संभव मला जास्त वाटतो. ब्रह्मपुरी, वडसा, चंद्रपूरकडे जुन्या वकिलांची मुलं-नातवंडं त्याच धंद्यात आहेत, माळ्यावर गठ्ठे आहेत. वकील वारला असेल तर त्याचा मुंशी शोधा. दाव्याची डायरी मुंशीच लिहायचा.

हुकूमनामा मिळाला तरी झुडपी जंगलाचा प्रश्न आपोआप सुटत नाही, हेही सांगून ठेवतो. मालकी कोणाची हा एक प्रश्न, जमीन कायद्याने जंगल आहे का हा दुसरा. पहिल्यावर तुमच्या आजोबांचा निकाल अंतिम झाला असेल तर सरकारला तोच वाद पुन्हा उकरता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११ आहे. दुसऱ्यावर १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, त्यात मालकी कोणाचीही असो, जंगल ते जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगलाची जमीन त्या आदेशाखाली वनजमीनच, असा निकाल २२ मे २०२५ रोजी आला. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सरकारनं वाटलेल्या जागांसाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागावी, अशी वाट त्यात ठेवली आहे. पण तुमचं म्हणणं वेगळं असायला हवं: ही जागा सरकारनं वाटलेली नाहीच, १९५१ मध्ये मालगुजारी सरकारजमा झाली तेव्हाही ती ताब्यातली, लागवडीची होती, आणि झुडपी म्हणून नोंद चुकीने लागली. म्हणून १९५४-५५ चा अधिकार अभिलेख महत्त्वाचा. त्यात आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव काश्तकार (कसणारा) किंवा मालिक मकबुजा (आपल्या तुकड्याचा मालक) म्हणून असेल आणि निस्तार पत्रकात तोच खसरा झुडपी म्हणून नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. बोडीचं वेगळं बघावं लागेल. लागवडीच्या जमिनीत असलेले तलाव मूळ धारकाकडे राहिले, बाकीचे सरकारजमा होऊन मामा (माजी मालगुजारी) तलाव झाले. बोडी कुठल्या खसऱ्यात पडते ते भूमी अभिलेख कार्यालयाच्या जुन्या नकाशावरून काढा.

नोटिशीचं उत्तर मात्र या सगळ्यासाठी थांबवू नका. दिलेल्या तारखेला लेखी म्हणणं द्या, त्यात दाव्याचा उल्लेख करा, नकलांच्या आणि माहिती अधिकाराच्या अर्जांच्या पोचपावत्या जोडा आणि कागद मिळेपर्यंत मुदत मागा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. मुदत नाकारली तर तो आदेशही लेखी मागा, कारण उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपिलात जायची वेळ आली तर पहिला कागद तोच लागेल.